भर दुपारी अडणारे पाय: ग्वाल्हेरमधलं एक प्रकरण

चिठ्ठीवर हिंदीत एकच ओळ होती: ‘वृद्धा, चलने में परेशानी, घुटनों का व्यायाम सिखाएँ.’ माईंचं वय ७८. लष्कर भागात, महाराज बाड्यापासून चालत जाता येईल अशा एका जुन्या वाड्यात त्या मुलगा-सुनेजवळ राहतात. निवृत्त होईपर्यंत त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवलं. मी याच भागात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते, त्यामुळे गुडघ्यांची चिठ्ठी माझ्या रोजच्या कामातली. हे प्रकरण मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण त्यात गुडघ्यांचा भाग फार थोडा निघाला. जे निघालं ते डोळ्यांचं होतं, ते कितीतरी घरांत आहे आणि ‘आता वय झालं’ म्हणून सोडून दिलं जातं. माईंच्या आणि घरच्यांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

घरच्यांचं म्हणणं

दीड वर्षात एकेक गोष्ट सुटत गेली होती. आधी राम मंदिरातलं भजनी मंडळ. मग पोथी. मग तांदूळ निवडणं, भाजी चिरणं. मग वाड्याच्या आतल्या चौकातल्या पायरीवरून एकदा पडल्या. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर बाहेर पडणं जवळपास बंद झालं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दिवसाचा बहुतेक वेळ त्या खाटेवर बसून काढत होत्या.

मुलगा म्हणाला, “ताई, मला सगळ्यात त्रास कशाचा होतो सांगू? संध्याकाळी ओसरीवर ती व्यवस्थित चालते. दुपारी चौकात ये म्हटलं की पाय उचलत नाही. मनात असलं की चालते, नसलं की नाही.”

सुनेची बाजू वेगळी होती. “दोनदा गॅस सुरू राहिला. एकदा बीपीची गोळी दोनदा घेतली, घेरी आली. भाजीत मीठ दोनदा. शेवटी मीच म्हटलं, आई, तुम्ही आता बसा, मी बघते.”

शेजारणींची तक्रार होती की माई समोरून गेल्या तरी ओळख दाखवत नाहीत. एका डॉक्टरांनी स्मरणशक्तीची चाचणी घेतली होती, ३० पैकी २० गुण आले आणि डिमेन्शियाची सुरुवात म्हणून डोनेपेझिल ही गोळी चालू झाली. डोळ्यांबद्दल विचारलं तर मुलाने सहज सांगितलं, “उजवा तर गेलाच, पाच-सहा वर्षं झाली. डाव्यात मोतीबिंदू आहे, पण डॉक्टर म्हणाले अजून पिकला नाही.”

चालण्याला गुडघे, विसरण्याला मेंदू, गप्प बसण्याला स्वभाव, ओळख न दाखवण्याला गर्व, अशी प्रत्येक तक्रारीला एकेक वेगळी कारणं देऊन झाली होती. डोळ्यांचा उल्लेख सगळ्यांत शेवटी, तोही मी विचारला म्हणून.

दोन वेळा, दोन जागा

माझ्या तपासणीत एक साधी चाचणी असते. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. १२ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर पडण्याचा धोका आहे असं आम्ही धरतो. मुलाच्या बोलण्यातली ‘संध्याकाळी चालते, दुपारी नाही’ ही गोष्ट डोक्यात राहिली होती, म्हणून हीच चाचणी मी दोन ठिकाणी घेतली. ओसरीवर, ऊन उतरल्यावर: १७ सेकंद. चौकात, उन्हात: २६ सेकंद. तेच पाय, तेच गुडघे, त्याच चपला.

गुडघा दुखत असता तर तो दोन्हीकडे दुखला असता. चौकात माई उंबरठ्याआधीच पाऊल खूप उंच उचलत होत्या, जिथे काहीच नव्हतं तिथेही पायाने जमीन चाचपत होत्या, आणि उजवा हात सतत भिंत शोधत होता. ग्वाल्हेरच्या जुन्या वाड्यांत फरशी, पायऱ्या, उंबरठे सगळं एकाच फिकट वालुकाश्माचं असतं. भर उन्हात त्या दगडावर पायरी कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते हे चांगल्या डोळ्यांनाही पटकन कळत नाही. मी विचारलं, “माई, इथे तुम्हाला काय दिसतंय?” त्या म्हणाल्या, “काही नाही. नुसतं पांढरं. दुधात चालल्यासारखं वाटतं, बेटा.”

शरीराचा तोल तीन गोष्टींवर टिकतो: डोळे, आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा, आणि पाय-सांध्यांकडून मेंदूला मिळणारी जाणीव. वयाबरोबर दुसरी आणि तिसरी थोडी मंदावतेच, म्हणून म्हातारपणी डोळ्यांवरची भिस्त वाढते. त्यातच दोन डोळ्यांपैकी एक गेला की खोलीचा अंदाज कमी होतो. माईंचे स्नायू अशक्त होते हे खरं. हात न टेकता खुर्चीतून ३० सेकंदांत त्या चारदाच उठू शकल्या. या वयाच्या बायकांमध्ये १० च्या खाली आलं तर आम्ही कमी समजतो. पण स्नायूंची ही झीज चालणं सुटल्यामुळे झालेली होती, आणि चालणं सुटलं होतं ते दिसत नसल्यामुळे.

‘पिकला नाही’ म्हणजे काय

मी व्यायाम सुरू केले, पण सोबत डोळ्यांच्या तपासणीचा आग्रह धरला. मुलगा आधी तयार नव्हता: “अहो, सहा महिन्यांपूर्वीच दाखवलंय. तक्ता वाचला तिने.” ते खरं होतं. डाव्या डोळ्याने ६/१८ वाचलं होतं, म्हणजे निरोगी डोळा १८ मीटरवरून जे वाचतो ते माई ६ मीटरवरून वाचत होत्या. कामचलाऊ म्हणावी अशी नजर.

नव्या तपासणीत त्याच ६/१८ चा अर्थ उलगडला. माईंना दमा आहे आणि कित्येक वर्षं त्यांनी अधूनमधून स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या आहेत. स्टिरॉइडमुळे होणारा मोतीबिंदू बहुधा भिंगाच्या मागच्या पृष्ठभागावर, अगदी मधोमध येतो. उजेड कमी असला की बाहुली मोठी होते आणि प्रकाश त्या डागाच्या कडेने आत शिरतो. उजेड वाढला की बाहुली आक्रसते आणि सगळा प्रकाश नेमका त्या डागातूनच जातो. म्हणून अंधाऱ्या खोलीत तक्ता बरा वाचला जातो आणि रणरणत्या उन्हात पायरी दिसत नाही. नजर तपासणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टने शेजारून उजेड टाकून तोच तक्ता पुन्हा वाचायला लावला: “माताजी, अब पढ़िए.” माई ६/६० वर थांबल्या. मुलगा शेजारीच उभा होता. त्याला मी काही सांगायची गरज उरली नाही.

दुसरी तपासणी कॉन्ट्रास्टची, म्हणजे फिकट-गडदातला फरक ओळखण्याची झाली. पेली-रॉबसन तक्त्यावर अक्षरं सगळी एकाच आकाराची असतात, फक्त फिकट होत जातात. त्यावर दीडच्या खाली आकडा आला तर कमतरता समजतात, माईंचा १.२० आला. आपण ज्याला ‘नजर’ म्हणतो ती पांढऱ्यावर काळं वाचण्याची नजर. घरातलं आयुष्य मात्र फिकटावर फिकट असतं: स्टीलच्या ताटात भात, दगडी मोरीवर राखाडी बादली, दाराच्या उजेडाकडे पाठ करून उभ्या असलेल्या शेजारणीचा चेहरा. गॅसची मंद निळी ज्योत. चंदेरी पाकिटातल्या एकसारख्या दोन गोळ्या. सुनेने सांगितलेल्या तक्रारींची यादी मी पुन्हा वाचली, आणि विसरण्यात जमा झालेल्या कितीतरी गोष्टी मुळात दिसण्याच्या होत्या.

उजव्या डोळ्यात जुना व्रण होता. मॅक्युला म्हणजे पडद्याचा मधला, बारीक पाहणारा भाग. वयामुळे होणाऱ्या त्याच्या ऱ्हासात कधी कधी आत नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, पाझरतात आणि शेवटी व्रण उरतो. वेळेत कळलं तर डोळ्यात इंजेक्शनं देऊन ते रोखता येतं. माईंच्या बाबतीत ती वेळ निघून गेली होती. एक डोळा गेला तरी दुसरा काम भागवतो, म्हणून कळतच नाही. पन्नाशीनंतर प्रत्येकाने कधीतरी एकेक डोळा झाकून चौकटीच्या फरशीकडे किंवा दाराच्या चौकटीकडे पाहावं. मधली रेघ वाकडी दिसली तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.

मोतीबिंदू ‘पिकू द्या’ हा सल्ला आजही आपल्याकडे सर्रास ऐकू येतो. जुन्या पद्धतीत अख्खं भिंग काढायचे, त्या काळात त्याला अर्थ होता. आता भिंग फोडून बारीक छेदातून ओढून घेतात, आणि फार पिकलेलं, टणक भिंग उलट जास्त त्रासाचं ठरतं. ऑपरेशन कधी, याचं उत्तर माणसाचं रोजचं जगणं अडतंय का यावरून ठरतं.

आपल्या देशाच्या २०१५ ते २०१९ या काळातल्या अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचं ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू निघालं. पण त्या मोजणीत अंध म्हणजे चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी. माई त्यात नाहीत. ६/१८ पेक्षा कमी नजर असलेल्यांचा पुढचा गट आहे, त्यातही त्या काठावर राहून सुटतात. कागदावर त्यांना काहीच झालेलं नव्हतं, आणि प्रत्यक्षात त्यांचं जग एका खाटेएवढं झालं होतं.

एकच डोळा

इथे प्रकरण खरं अडलं. ऑपरेशन करायचं तो डोळा एकुलता एक होता. घरात आठवडाभर खल चालला. मुलगा म्हणे, आत्ता निदान इतकं तरी दिसतंय, त्यालाही काही झालं तर? पुण्यातली मुलगी फोनवरून म्हणे, मोठ्या शहरात नेऊ. पैशांचा प्रश्न फारसा नव्हता. ७० च्या पुढच्या सगळ्यांना २०२४ पासून आयुष्मान कार्ड मिळतं आणि माईंचं काढलेलं होतं. प्रश्न भीतीचा होता, आणि ती भीती खोटी नाही. हजारोंत एखाद्याला होणारा जंतुसंसर्ग एकुलत्या डोळ्यात झाला तर अंधार कायमचा.

मला या आठवड्यात एक गोष्ट टोचत राहिली: ही सगळी चर्चा माईंसमोर होत होती आणि माईंशी कुणी बोलत नव्हतं. ‘डिमेन्शिया’ हा शब्द एकदा फाइलवर आला की माणसाला विचारणंच बंद होतं. शेवटी मी मुलाला म्हटलं, दादा, डोळा त्यांचा आहे, त्यांना विचारा. माई शांतपणे म्हणाल्या, “जपून ठेवायचा म्हणता, पण ह्या डोळ्यानं मला आत्ता काय दिसतंय ते तरी कुणी विचारलंत का?” मग त्यांनी स्वतःच डॉक्टरांना तीन प्रश्न विचारले: किती वेळ लागेल, किती दिवस पट्टी, आणि पोथी वाचता येईल का. ज्या बाईला निर्णयाची क्षमता नाही असं गृहीत धरलं होतं तिचे प्रश्न घरातल्या सगळ्यांपेक्षा नेमके होते.

डाव्या डोळ्याच्या पडद्याचं स्कॅनिंग झालं. ड्रुसेन म्हणजे मॅक्युलाच्या त्याच ऱ्हासाच्या सुरुवातीचे पिवळसर ठिपके थोडे होते, पडद्यात पाणी साचलेलं नव्हतं. सर्जनने धोका स्पष्ट सांगितला आणि ऑपरेशन करावं असंही स्पष्ट सांगितलं. जानेवारीच्या शेवटी, ग्वाल्हेरचं धुकं जरा ओसरल्यावर, ते पार पडलं.

चौकातल्या मुलांची गोष्ट

ऑपरेशनच्या आधीचा एक प्रसंग इथेच लिहायला हवा. टाचा उचलण्याचा व्यायाम करताना, खोलीत आम्ही दोघीच असताना, माईंनी आवाज खाली करून विचारलं, “तुला एक सांगू? कुणाला बोलू नकोस. संध्याकाळी चौकात लहान मुलं येतात. रंगीत कपडे, फेटे. बोलत नाहीत काही. मला माहितेय ती खरी नाहीत.” कित्येक महिने त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं तर आधीच ‘डोकं गेलंय’ म्हणणारे काय म्हणतील, ही भीती. शेजारच्या एका बाईला असंच दिसायचं तेव्हा तिला झाडफुंक करायला नेलं होतं, तेही त्यांच्या लक्षात होतं.

याला चार्ल्स बोनेट सिंड्रोम म्हणतात. जिनिव्हाच्या चार्ल्स बोनेटने १७६० मध्ये आपल्या नजर मंदावलेल्या आजोबांना दिसणारी माणसं, पक्षी, इमारती यांची नोंद केली, तेव्हापासूनचं हे नाव. डोळ्यांकडून चित्रं यायची कमी झाली की मेंदूचा पाहणारा भाग स्वतःच चित्रं तयार करतो. आवाज येत नाहीत, आणि बहुतेकांना ती खरी नाहीत हे कळत असतं. हे वेड नाही आणि बाधाही नाही. उजेड लावणं, नजर पटपट इकडून तिकडे फिरवणं, डोळे मिचकावणं याने चित्रं विरतात. पण असं दिसणाऱ्या प्रत्येकाला याच कारणाने दिसतं असं नाही. ताप, इन्फेक्शन, काही औषधं, डिमेन्शियाचे काही प्रकार यांतही भास होतात, म्हणून डॉक्टरांना सांगायलाच हवं. मी माईंना विचारूनच ते सांगितलं. हे नाव ऐकल्यावर त्या कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “म्हणजे याला नाव आहे.”

ज्यांच्या घरी नजर गेलेलं म्हातारं माणूस आहे त्यांनी स्वतः होऊन विचारावं: तुम्हाला नसलेलं काही दिसतं का? आपण विचारलं नाही तर ते सांगत नाहीत.

वीस गुणांचा हिशेब

स्मरणशक्तीची जी चाचणी झाली होती ती १९७५ साली फॉल्स्टाइन यांनी तयार केलेली ३० गुणांची. तीत ८ गुण असे आहेत की जे डोळ्यांशिवाय मिळवणं अवघड: पेन्सिल आणि घड्याळ पाहून नाव सांगणं २, कागद हातात घेऊन घडी घालून ठेवणं ३, लिहिलेली सूचना वाचून तसं करणं १, वाक्य लिहिणं १, दोन पंचकोनांची आकृती पाहून काढणं १. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी हे आठ वगळून २२ गुणांची चाचणी घेता येते, तिचा अभ्यासही झालेला आहे. माईंची गुणपत्रिका मुलाने जपून ठेवली होती. दिसण्याच्या आठांपैकी त्यांना दोन होते. उरलेल्या बावीसपैकी अठरा.

मी डॉक्टर नाही, गोळी बंद करा म्हणणं माझं काम नाही, आणि मी ते म्हटलंही नाही. गुणपत्रिका आणि डोळ्यांचा रिपोर्ट एकत्र त्याच डॉक्टरांकडे पाठवायला सांगितलं. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी, नवा चष्मा लावून पुन्हा चाचणी झाली: २६. तीन शब्द लक्षात ठेवून थोड्या वेळाने सांगायचे असतात, त्यात माईंना तेव्हाही एकच आठवला. म्हणजे विसरणं थोडं खरोखरच आहे. डॉक्टरांनी नाडी मंद असल्याचंही पाहिलं (डोनेपेझिलमुळे ती मंदावू शकते, चक्कर येऊ शकते), गोळी थांबवली आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं.

इथे एक सांभाळून सांगते. ‘ऑपरेशन केलं आणि डिमेन्शिया बरा झाला’ अशी ही गोष्ट नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशनच्या २०२४ च्या अहवालाने डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या पण बदलता येणाऱ्या १४ कारणांत उपचार न झालेल्या दृष्टिदोषाचा समावेश केला, आणि त्याचा वाटा सुमारे २ टक्के धरला. वाटा लहान आहे. पण चौदा कारणांतली फार थोडी अशी आहेत जी एका सकाळच्या ऑपरेशनने हाताळता येतात.

ऑपरेशननंतरचे आठवडे

पट्टी निघाल्यावर पहिले चार दिवस घरात सण होता. माईंना सुनेच्या साडीचा रंग दिसला, भिंतीचे पोपडे दिसले, स्वतःच्या हातावरच्या सुरकुत्या दिसल्या. आणि मग नातेवाइकांचे सल्ले सुरू झाले: महिनाभर पडून राहा, मान हलवू नका, जिना नको, चालणं नको. जुन्या टाक्यांच्या ऑपरेशनच्या काळातली ही पथ्यं घराघरांत अजून टिकून आहेत. डोळ्यात पाणी जाऊ न देणं, न चोळणं, जड न उचलणं, थेंब वेळेवर घालणं, हे हवंच. खाटेवर पडून राहणं नको. निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवून अमेरिकेत केलेल्या एका अभ्यासात (२००७) त्यांच्या पायांतलं सरासरी जवळजवळ एक किलो वजन घटलं, तेही चरबीचं नव्हे. माईंच्या पायांत घालवण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. सर्जनची परवानगी घेऊन आम्ही दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर चालणं सुरू केलं. एक आत्याबाई माझ्यावर चांगल्याच रागावल्या. त्यांचाही जीव माईंमध्ये होता, म्हणून मी वाद घातला नाही, सर्जनचा फोन जोडून दिला.

तीन आठवड्यांनी त्याच दोन जागी तीच चाचणी घेतली. ओसरीवर १६ सेकंद, चौकात १७. ऊन आणि सावलीतला फरक संपला होता. वेग मात्र तिथेच. डोळ्यांनी आपलं काम केलं, पुढचं पायांचं होतं. इथेच बहुतेक घरं थांबतात. ब्रिटनमधल्या २००५ च्या अभ्यासात सत्तरीपुढच्या ज्या बायकांचं पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर केलं त्यांचं पडणं ३४ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे बराच फायदा, पण पडणं पूर्ण थांबलं नाही.

व्यायामांआधी घर बदललं, आणि यामागेही कारण आहे. न्यूझीलंडमध्ये नजर फार कमी असलेल्या, पंचाहत्तरीपुढच्या ३९१ लोकांवर झालेल्या अभ्यासात घरातले धोके दूर करण्याने पडणं ४१ टक्क्यांनी घटलं, नुसत्या व्यायामाने तसं झालं नाही. आम्ही केलं ते स्वस्तातलं होतं. प्रत्येक पायरीच्या कडेवर दोन बोटं रुंद गडद तपकिरी पट्टा रंगवला. मोरीत स्टीलच्या तांब्याच्या जागी लाल मग. मोरीच्या वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा. दारातलं सरकणारं पायपुसणं काढलं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, म्हणून स्वयंपाकघरात ओट्याच्या वर वेगळा बल्ब, डोळ्यांवर येणार नाही असा. चष्माही बदलून घेतला: दूरचं-जवळचं एकाच काचेत असलेला चष्मा लावून पायरी उतरताना खालच्या भागातून जमीन अंधुक दिसते, म्हणून चालायला एक आणि वाचायला एक असे दोन. वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्या लावल्या.

व्यायाम साधेच: खुर्चीतून उठबस, टाचा उचलणं, ओट्याला धरून एका रेषेत पावलं ठेवणं, हळूहळू एक हात सोडणं. मे महिन्यात, ग्वाल्हेरचा पारा चढलेला असताना, सकाळी सहाला आमचा वर्ग असायचा. तोवर ३० सेकंदांत माई नऊदा उठू लागल्या होत्या आणि चालण्याची चाचणी १३ वर आली होती.

मन सगळ्यांत शेवटी आलं

मला वाटलं होतं त्यापेक्षा हा भाग लांबला. नैराश्याच्या १५ प्रश्नांच्या चाचणीत ऑपरेशनआधी माईंचे ९ गुण होते; पाचाच्या वर गेलं की काळजी करायची. ऑपरेशननंतर महिन्याभरात ते ७ वर येऊन थांबले. दिसत होतं, चालता येत होतं, तरी माई खाटेवरच. विचारलं तर म्हणाल्या, “दिसून करू काय? काम तर काही उरलं नाही.”

सुनेने स्वयंपाकघर काळजीपोटी हातात घेतलं होतं. उघडा गॅस तिने दोनदा बंद केला होता, ती भीती कुणालाही बसेल. पण ज्या घरात माईंनी चाळीस वर्षं चूल सांभाळली तिथे त्या पाहुण्या झाल्या होत्या. आम्ही तिघी बसलो. गॅसच्या बटणावर ‘बंद’च्या जागी हाताला लागेल असा टेपचा तुकडा चिकटवला. मिठाचा डबा लाल. तांदूळ निवडायला काळं ताट, डाळीला पांढरं. गोळ्यांची आठवड्याची डबी. सकाळचा चहा आणि गुरुवारचा प्रसाद माईंचा, असं ठरलं. सून सोबत असेल, पण हात लावणार नाही. हे तिला जड गेलं आणि तिने ते केलं. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यांत अवघड काम तिचं होतं.

अमेरिकेत मॅक्युलाच्या आजाराच्या १८८ वृद्धांवर झालेल्या एका अभ्यासात (२०१४) नजरेच्या साधनांसोबत ‘रोज स्वतःला महत्त्वाची वाटणारी एखादी कृती ठरवून करायची’ असा उपचार दिला, तेव्हा चार महिन्यांत त्यांच्यापैकी १२.६ टक्के लोकांना नैराश्य आलं; ज्यांना हा उपचार दिला नव्हता त्यांच्यात ते प्रमाण २३.४ टक्के होतं. आम्ही घरात केलं ते याच जातीचं. भजनी मंडळातल्या बायकांना एक गोष्ट सांगितली: माईंजवळ आलात की आधी आपलं नाव सांगा. उजवीकडून येणारं माणूस त्यांना नीट ओळखू येत नाही, म्हणून डावीकडून या. दुरावा बराचसा त्यानेच मिटला.

जूनमध्ये नैराश्याचे गुण ४ होते. माई गुरुवारी मंदिरात जातात, नात सोबत असते. पोथी मोठ्या अक्षरांची, उजेडाखाली, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं. त्यानंतर डोळा थकतो. चौकातली मुलं ऑपरेशननंतर दोनदाच आली आणि मग आली नाहीत.

काही गोष्टी बाकी आहेत. गच्चीचा जिना अजून बंद ठेवला आहे, कारण त्याला कठडा एकाच बाजूला आहे आणि उतरताना तो उजवीकडे, गेलेल्या डोळ्याच्या बाजूला येतो; दुसऱ्या बाजूचा पाइप बसवण्यावर मुलाचं आणि घरमालकाचं बोलणं चालू आहे. डाव्या पडद्यावरच्या ठिपक्यांसाठी माई रोज सकाळी कॅलेंडरच्या चौकटीकडे पाहतात आणि रेघा सरळ आहेत का ते सुनेला सांगतात. ऐकू येण्याची तपासणी अजून झालेली नाही. मला शंका आहे, आणि ती पुढच्या महिन्यात करायची ठरली आहे. स्मरणशक्तीची पुढची चाचणी ऑक्टोबरमध्ये. मुलाने त्या कागदावर आत्ताच लिहून ठेवलं आहे: ‘वाचायचा चष्मा सोबत नेणे.’